गजभिये काका पास करत नाहीत

आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत कुणी नवी सायकल आणली, तर हार घालायच्या आधी गजभिये काकांना बोलवावं लागतं. काका आले की बहुतेक वेळा हार परत पिशवीत जातो.

हे मी स्वानुभवावरून सांगतोय. मी हौसेनं टायटॅनियमची फ्रेम मागवली होती. फ्रेम म्हणजे सायकलचा नुसता सांगाडा, चाकंबिकं नंतर बसवायची. टायटॅनियम वजनाला हलकं, गंजत नाही, जन्मभर टिकतं म्हणतात. पण नावाजलेल्या कंपनीची घ्यायची तर घरात महाभारत. मग आमच्यासारखी माणसं इंटरनेट धुंडाळून, नावाचा उच्चारही जमणार नाही अशा कारखान्याची परवडणारी फ्रेम मागवतात. खोकं उघडलं, फ्रेम सोफ्यावर विराजमान झाली, बायकोनं हळदकुंकू आणलं, आणि दारात काका.

"या काका, पेढा घ्या."

"पेढा राहू द्या. आतून दाखवा."

हे त्यांचं पेटंट वाक्य. सहा फूट उंची, कडक इस्त्रीचा शर्ट, आणि खिशात एक बारीक टॉर्च नि सुताचा दोरा. मूळचे नागपूरचे. इथे एका कारखान्यात तपासणी विभागात नोकरी केली, तिथूनच रिटायर झाले. म्हणजे कारखान्यानं केलं, काका काही झाले नाहीत. त्यांनी फ्रेमला पुढून मागे दोरा ताणला, दोन्ही बाजूंचं अंतर सारखं आहे का ते पाहिलं. नखानं टिचकी मारून कान लावला. मग पेडलचा दांडा बसतो त्या भोकात टॉर्च मारून एक डोळा मिटला. मुलगी दाखवायला आणल्यासारखे आम्ही सगळे भिंतीला टेकून उभे.

"नापास. काहून घाई केली? जोड निळा पडलाय आतून."

टायटॅनियमचा जोड म्हणे चांदीसारखा हवा. जोडताना हवा लागली की निळा पडतो आणि ठिसूळ होतो.

"पण चालवता येईल ना?"

"येईल की! दूध आणायला उत्तम आहे. सिंहगड उतरणार असाल तर तेवढं घरच्यांना भेटून जा."

मी ती फ्रेम परत पाठवली. बायको आठवडाभर काकांशी बोलली नाही. काकांच्या ते लक्षातही आलं नाही, कारण ते तेव्हा लिफ्टचं दार नापास करण्यात गुंतले होते. वारज्याच्या एका लग्नाच्या फोटोत नवरानवरीच्या खुर्चीखाली टॉर्च घेऊन वाकलेला एक गृहस्थ दिसतो. तो गृहस्थ हाच.

गंमत म्हणजे काकांनाही टायटॅनियमची सायकल हवी होती. कितीतरी वर्षं. "घ्यायचीय हो, पण पास होईल ती," असं म्हणत ते आपली जुनी लोखंडी सायकल दामटत. काकू गेल्यापासून घरी एकटेच. मुलगी सुजाता सिंगापूरला नोकरीला. ती मागच्या वेळी आली होती तेव्हा जिन्यात मला म्हणाली, "दादा, तुमची एक फ्रेम नापास झाली तर केवढं वाईट वाटलं तुम्हाला! मी लहानपणापासून नापास आहे. पहिला नंबर आला तर म्हणाले, गणितातले दोन मार्क कुठे सांडले? बाबांनी मला एकदा तरी पास म्हणावं हो." हसत म्हणाली, पण डोळे हसत नव्हते. मला फार वाईट वाटलं.

त्यानंतर काही महिन्यांनी काकांनी मला घरी बोलावलं. मोठं खोकं आलं होतं. ऑफिसच्या कामाला चीनला गेलेल्या सुजातानं तिथला एक छोटा कारखाना शोधून, स्वतः निवडून बाबांसाठी फ्रेम पाठवली होती. काकांनी ती बुद्धमूर्तीसमोर ठेवली, मेणबत्ती लावली. मी फोन धरला. पडद्यावर सुजाता.

"बाबा, मी दोरा लावून बघितला. टिचकी मारली. जोड बघा, एकदम चांदी!"

काकांनी दोरा लावला. बरोबर. टिचकी मारली. मान हलवली. मग सवयीनं टॉर्च काढला, भोकात मारला, आणि तसेच राहिले. मीही वाकून पाहिलं. आत निळंशार.

"बाबा? काय झालं?" ती हसायचा प्रयत्न करत म्हणाली, "नापास ना?"

काकांनी टॉर्च बंद केला.

"पास."

"काय?"

"पास म्हटलं. ऐकू येत नाही का? माझ्यापेक्षा बारीक नजर आहे तुझी."

फोनमधून सुजाता गायब झाली. तिच्या स्वयंपाकघराचं छत तेवढं दिसत होतं, आणि नाक ओढल्याचा आवाज. काका खोक्यातली थर्माकोलची चुरी वेचत बसले. मी खिडकीकडे बघत राहिलो, कारण माझंही काही खरं नव्हतं.

पुढे रीतसर चाकं बसली, हँडल बसलं, हारही पडला. परवा सकाळी टेकडीच्या रस्त्यावर काका दिसले. डोक्यावर हेल्मेट, आणि सायकल हातात धरून चालत निघालेले.

"पंक्चर का हो काका?"

"नाही. फिरायला नेतोय."

"मग बसत का नाही?"

"तुम्हीही पाहिलंत ना आत. मोडली तर तिला कळेल."

"अहो, मग सांगून बदलून घ्या. तिला काही राग येणार नाही."

काका थांबले. "बदलून घ्यायची म्हणजे पास परत घ्यायचा. पहिल्यांदा दिलाय हो मी तिला. काहून परत घेऊ?"

त्यांनी खिशातून फोन काढून माझ्या हातात दिला. "फोटो काढा. मागे टेकडी येऊ द्या. रोज विचारते, आज कुठवर गेलात म्हणून."

मग शर्ट नीट केला, एक पाय पेडलवर नुसता टेकवला, दुसरा जमिनीवर घट्ट रोवला, आणि सायकलवर स्वतःचा भार जराही पडू न देता लेकीसाठी छान हसले.