कंबरेच्या उंचीवरचं घर

पोट फाडणं ही डॉक्टरांची जबाबदारी आहे. त्यानंतर रोग्याला घरी आराम मिळेल हे पाहणं ही नातेवाइकांची. पहिलं काम भूल देऊन करतात. दुसऱ्यासाठी तशी सोय अजून निघालेली नाही.

माझं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं तेव्हा मुलगी नंदिता चेन्नईहून आली आणि तिनं निकाल दिला : घर आरामाला लायक ठरलं तर मी तंजावुरात आपल्या घरीच राहायचं, नाही तर तिच्या फ्लॅटमध्ये, अकराव्या मजल्यावर. (तिथं सगळं आहे. जिमसुद्धा.) मला इथंच राहायचं होतं. माझी बायको महालक्ष्मी जाऊन वर्ष झालं होतं, आणि ती इथं राहिली होती, अकराव्या मजल्यावर नाही.

डॉक्टर म्हणाले होते : वाकू नका, हात उंच करू नका, जड उचलू नका. साध्या माणसानं मान डोलावून सोडून दिलं असतं. पण शेजारचे जयतीर्थ वीजमंडळातून निवृत्त झालेले. त्यांनी माझ्या कंबरेची उंची टेपनं मोजली आणि घरभर तेवढ्या उंचीवर खडूनं रेघ मारली. तिला ‘कंबररेषा’ असं नाव मिळालं. धोरण सोपं होतं : रेषेखालचं वर यावं, वरचं खाली यावं. पाहणीत असं आढळलं की घरातल्या निम्म्या वस्तू जमिनीवर असतात, निम्म्या माळ्यावर, आणि लागणाऱ्या वस्तू सापडत नाहीत.

अंमलबजावणी चोख झाली. मीठ, चपला, पंचांग, तांदळाचा डबा आणि रेडिओ एका रांगेत आले. वर भिंती मोकळ्या, खाली जमीन मोकळी, मधे हात घालायला जागा नाही. देवही फळीवरून उतरले. (नमस्कार स्थगित. वाकायचं नव्हतं.) इतकं सोयीचं घर मी दुसरं पाहिलेलं नाही.

मग नंदितानं परीक्षा घेतली.

“मीठ?” दिलं.

“चपला?” मिठाशेजारच्या. दिल्या.

“आता अम्मास हार घालून दाखवा, अप्पा.”

गेलेल्या माणसांच्या रीतीप्रमाणे महालक्ष्मीचा फोटो हॉलच्या दारावर, छताजवळ होता. रोज सकाळी टाचा उंचावून मी त्याला मल्लीपूचा, म्हणजे मोगऱ्याचा, सर घालत असे. सगळ्यांनी वर पाहिलं; कंबररेषेच्या धोरणातून तो तेवढा सुटला होता. नंदिता माझी बॅग काढायला गेली.

“एक काठी, टोकाला आकडा,” जयतीर्थांनी सुचवलं.

“अक्कास हार घालणार की आंबे पाडणार?” गंगाबाई म्हणाली. ही माझी मेव्हणी, महालक्ष्मीची धाकटी बहीण, पापनाशमहून मदतीला आलेली.

“मग महिनाभर हार नको,” जयतीर्थ म्हणाले.

“घालणार,” मी म्हणालो. त्यावर चर्चा झाली नाही.

“तर फोटो खाली घ्या,” जयतीर्थ म्हणाले.

“अय्यो, गेलेलं माणूस वर असावं! अक्कास काय मिठाच्या डब्याशेजारी बसवणार?”

जयतीर्थ टेप घेऊन घरभर फिरले आणि त्यांनी जाहीर केलं की रेषेवर एकच जागा शिल्लक आहे : जेवणाच्या टेबलाची दुसरी खुर्ची, खाली दोन उशा घालून. फोटो तिथं ठेवला. मी न वाकता, न ताणता हार घातला. नंदितानं बॅग परत ठेवली आणि बराच वेळ स्वयंपाकघरात काहीतरी शोधत राहिली. (सगळं समोरच होतं.)

ऑपरेशन यथास्थित पार पडलं. आराम उत्तम आहे. छताजवळ असताना महालक्ष्मीची हनुवटी तेवढी नीट दिसायची. आता डोळे दिसतात. कॉफी पिताना मी तिला टाक्यांची प्रगती सांगतो, भाजीचे भाव सांगतो. ती मधे बोलत नाही. (हयातीत ही सोय नव्हती.)

परवा डॉक्टरांनी हात उंच करायची परवानगी दिली. गंगाबाई लगेच स्टूल घेऊन हजर.

“भावोजी, अक्कास वर लावूया?”

“अजून दुखतं.”

“कोठे?”

मी पोटावर हात ठेवला. तिनं एकदा खुर्चीतल्या फोटोकडे पाहिलं. मग स्टूल खाली ठेवलं.

“डॉक्टरास काय कळतं,” ती म्हणाली, आणि त्याच स्टुलावर बसून तिनं आपल्या सुनेची कागाळी अक्काला पहिल्यापासून सांगायला घेतली.

तुमच्या समोरच्या खुर्चीत अजून फोटोऐवजी माणूसच बसत असेल, तर आरामाच्या तयारीत तुम्ही आमच्या पुष्कळ पुढे आहात. मघाशी, तुम्ही हे वाचत असताना, त्या माणसानं काहीतरी विचारलं आणि तुम्ही मान वर न करता ‘हं’ म्हणालात.

काय विचारलं होतं?