वस्तू क्रमांक चौदा

"व्हर्लिन आजोबांचा नकाशा अर्ध्या तासासाठी काचेबाहेर काढता येईल का?"

हा प्रश्न मी आमच्या राज्याच्या न्यायालयीन वारसा संस्थेच्या वार्षिक भोजनात, दोनशे पाहुण्यांसमोर, माइक हातात घेऊन विचारला. पैज माझ्या वर्गातल्या नेव्हा आणि जॉस्लिनने लावली होती. ("तू विचारणार? तू तर कँटीनमध्ये जादा केचप मागायला घाबरतेस!" इति नेव्हा.) पण महिन्यापूर्वी मी याच संस्थेची निबंध स्पर्धा जिंकले आणि तेव्हापासून कशालाच घाबरत नाही, ही बातमी तिच्यापर्यंत पोचली नसावी.

न्याय ही अत्यंत नाजूक चीज आहे. वापरली की झिजते. हे आमच्या संस्थेने फार लवकर ओळखलं. गावातलं जुनं कोर्ट तिने ताब्यात घेतलं आणि अगदी १८८९ सालासारखं करून दाखवलं: अक्रोडाच्या लाकडाचं न्यायासन, पितळी पिकदाणी, ज्यूरीच्या बारा खुर्च्या आणि सगळ्यांभोवती मखमली दोर. काम इतकं अस्सल उतरलं की तिथे खटले चालवणं म्हणजे निव्वळ रानटीपणा झाला असता. म्हणून कोर्ट हायवेवर, बंद पडलेल्या गालिच्यांच्या दुकानात हलवलं. तिथली पाटी अजून तीच आहे: 'या, पायाखालचं बदलून घ्या!'

गेल्या वर्षी जुन्या कोर्टाला २,३११ लोकांनी भेट दिली. त्यातल्या २,२९० जणांनी पिकदाणीबरोबर फोटो काढला. उरलेले एकवीस जण खरं समन्स घेऊन चुकून आले होते. (त्यांना तिकिटात सवलत मिळते.)

व्हर्लिन स्टाडलर हे माझ्या आईचे काका. वय एक्क्याऐंशी. ओढ्यापलीकडे त्यांचं गवताचं कुरण आहे आणि तिथे जायला एकच लाकडी पूल. एकोणीस वर्षांपूर्वी शेजारच्या हॉबर्ट क्लाइनने पूल आपला आहे असं जाहीर करून फाटकाला कुलूप घातलं. तेव्हापासून आजोबा समोर दिसणाऱ्या कुरणात जायला अकरा मैलांचा वळसा घालतात. पूल कोणाचा, हे हाताने काढलेल्या ज्या एकाच मूळ नकाशात आहे, तो त्यांनी तेव्हाच कोर्टात दाखल केला. मग कोर्ट हललं. नकाशा जुन्या इमारतीतच राहिला, आणि इमारतीत राहिलेलं सगळं वारसा ठरलं. आता तो काचेखाली आहे: वस्तू क्रमांक चौदा, हात लावू नये.

न्यायाधीश आर्डिथ फेन्स्केबाईंनी शेवटची मुदत दिली होती. तीस मेपर्यंत मूळ नकाशा हजर करा, नाहीतर दावा फेटाळला जाईल. संस्थेने कळवलं की गालिच्यांच्या दुकानात दमटपणा मोजण्याची सोय नाही, सबब नकाशा देता येत नाही. मात्र सर्वांत जुने हयात दावेदार म्हणून आजोबांच्या आठवणी रेकॉर्ड करायला संस्थेला आनंद वाटेल.

"मेलो की मलाही काचेत ठेवतील," आजोबा म्हणाले. "निदान पुलाच्या त्या बाजूला तरी ठेवा म्हणावं."

तर, माझा प्रश्न. संस्थेचे अध्यक्ष क्विलनसाहेब गहिवरले. वार्षिक भोजनात एक्केचाळीस वर्षांत कोणी प्रश्न विचारल्याची नोंद नव्हती. त्यांनी माझ्या हातातली चिठ्ठी, जिच्यावर मी प्रश्न लिहून आणला होता, हातमोजे घालून घेतली आणि फ्रेम करायला पाठवली. उत्तर द्यायचं राहून गेलं.

मी संस्थेची नियमावली घरी आणली आणि सगळी वाचली. (असं करणारी मी पहिलीच असावी. पानं चिकटलेली होती.) नियम एकतीस: ऐतिहासिक खटल्याचं नाट्यरूप सादर करायचं असल्यास दोर ओलांडता येईल, मूळ वस्तूही वापरता येतील, मात्र पोशाख त्या काळचा हवा, आणि कागदावर उजेड बारा मिनिटांहून जास्त पडता कामा नये.

मी सायकल काढली, थेट गालिच्यांच्या दुकानात गेले आणि न्यायाधीशबाईंना नियम एकतीस वाचून दाखवला.

"सुनावणी जुन्या कोर्टात ठेवायचा हुकूम मी काढू शकते," फेन्स्केबाई म्हणाल्या. "अडचण काय?"

"१८८९ मध्ये बाई न्यायाधीश नव्हत्या. तुम्हाला दाढी लावावी लागेल."

"पोरी, सात वर्षं झाली, माझ्या टेबलामागे स्वयंपाकघरातल्या फरशीचे नमुने लटकतायत. आण ती दाढी."

तीस मेच्या दुपारी खरा खटला नाटक म्हणून उभा राहिला. कपडे आईने शिवले होते. ती संस्थेची सभासद आहे आणि बटणांच्या बाबतीत फार कडक आहे. बाबा पुकारा करणारे शिपाई झाले, मोठ्ठी मिशी लावून. क्लाइनला खलनायकाची उंच टोपी मिळाली, त्यामुळे त्याने हजर राहायला हरकत घेतली नाही. दोन्ही वकिलांना तीन-तीन मिनिटं मिळाली, तेवढ्यात त्यांचं सगळं म्हणणं सांगून झालं, हे पाहून त्यांनाच धक्का बसला. फेन्स्केबाईंनी भिंगातून नकाशा पाहिला, क्लाइनला एक प्रश्न विचारला, आजोबांना एक. अकराव्या मिनिटाला, नेहमीच्याच हळू आवाजात, त्यांनी निकाल द्यायला सुरुवात केली, आणि नेमकी तेव्हाच बाबांची मिशी सुटून टप्पकन पिकदाणीत पडली.

अख्खा हॉल हसून लोळला. टाळ्या, शिट्ट्या. कारकुनाने निकाल लिहून घेतला, खरा शिक्का मारला. बाराव्या मिनिटाला, नियमाप्रमाणे, दिवे मालवले गेले. क्विलनसाहेबांनी दर वर्षी हाच प्रयोग करायचं जाहीर केलं.

परतताना गाडीत आई म्हणाली, "तो डिंक जुना होता, सांगत होते मी."

"पण पडली कशी, बघितलंस ना?" बाबा अजून हसत होते. "बरोब्बर पिकदाणीत!"

निकाल काय लागला, हे दोघांपैकी एकानेही विचारलं नाही. वाचकहो, त्यांना नावं ठेवू नका. मिशी पडली तेव्हा तुम्हीही तिच्याकडेच बघत होतात.

"मी ठरवलंय," मी मागच्या सीटवरून म्हणाले. "उद्या मी शाळेला दांडी मारणार. सकाळी सहाला आजोबांबरोबर पुलावरून कुरणात जाणार, ट्रॅक्टर मी चालवणार. तुम्ही दोघांनी येऊन फाटक उघडायचं. आणि ते कुलूप मी क्विलनसाहेबांना नेऊन देणार. एकदा त्यांनी काचेखाली ठेवलं, की पुन्हा कधीच कामाला येणार नाही."