नानांचा अध्यक्ष

आमच्या होडीच्या केबिनीत एकवीरा आईच्या तसबिरीशेजारी एक डॉलरची नोट काचेत बसवलीय. नोटेवरच्या गोऱ्या म्हाताऱ्याला आमचे तांडेल, म्हणजे होडीचे कप्तान, धर्मानाना रोज अगरबत्ती लावतात. आधी आई, मग तो.

तो अमेरिकेचा पहिला अध्यक्ष. न्हावा शेवा बंदरात नानांनी एका परदेशी खलाशाला ताजी सुरमई दिली, त्यानं ही नोट दिली आणि हा कोण तेही सांगितलं. मी चौथीत शाळा सोडली, पण बत्तीस वर्षं नानांच्या होडीवर खलाशी आहे. अध्यक्षाचं चरित्र मला तोंडपाठ.

"बाल्या, लढाई जिंकला. राजा झाला काय?"

"न्हाय, नाना."

"दोनदा खुर्चीवर बसला. तिसऱ्यांदा?"

"घरी गेला."

"आन् घरचा धंदा?"

"शेती. आन् नदीत जाळं टाकून मासं खारवायचा."

"म्हंजे कोण?"

"आपल्यातला, नाना."

एका लग्नात पाहुण्यानं तिसऱ्यांदा कोळंबी मागितली, तर नाना पंगतीत ओरडले, "अध्यक्ष दोनदा बसून उठला, तुमी पण उठा!"

मी हसायचो. पण खरं सांगतो, त्या अध्यक्षापुढे मान झुकायची. हातात आलेलं सोडायला छाती लागते. आमचे नाना सुकाणू कुठं सोडत होते? मला ते हवं होतं. इथला खडक न् खडक मला ठाऊक. पण मागणाऱ्यातला मी नाही. नानांना मुलगा नाही, सुकाणू पुतण्याला जाणार असं आमचं अख्खं थळ गाव म्हणत होतं.

यंदा नानांची मुलगी दमयंती सुट्टीला घरी आली. ती म्हसळ्याला मास्तरीण. अध्यक्षावरचं जाडजूड पुस्तक घेऊन ओटीवर वाचायला बसली. आम्ही दोघं जाळं शिवत होतो.

"बाबा, जाळं तो स्वतः नव्हता ओढत. गुलाम ओढायचे. विकत घेतलेली माणसं."

नानांची सुई थांबली. "सोडलं न्हाय त्यांना?"

"मृत्युपत्रात लिहिलं. बायको गेल्यावर सोडा म्हणून."

"खुर्ची जित्तेपणी सोडली, आन् माणसं मेल्यावर?"

दमयंतीनं पुस्तक मिटलं. पुढे नाना चार दिवस अध्यक्षाविषयी चकार शब्द बोलले नाहीत. नानी म्हणाली, ताप बघा ह्यांचा.

हंगामाच्या पहिल्या दिवशी होडी पाण्यात गेली. मी नेहमीसारखा मागे जाळ्यापाशी. नाना केबिनीतून बाहेर आले.

"जा आत."

"काय आणू?"

"आणू नको. सुकाणू धर."

माझं डोकं फिरलं. "नाना, मला कुणाची दया नको."

"दया कसली रं? मी उशीर केलाय. अध्यक्षानं सोडायचं काम मेल्यावरच्या कागदावर ठेवलं. मला कुठं कागद लिवता येतो!"

"पुतण्याला काय सांगाल?"

"सांगीन, तुझ्या हाताखाली शिक म्हणून. जा आता, वारा फिरतोय."

मी आत गेलो. सुकाणू धरलं आणि होडीचं तोंड खोल पाण्याकडे वळवलं. मागे वळून पाहिलं तर नाना दोरांच्या गुंत्यात बोटं घालून बसले होते. सवय मोडलेली, गाठ सुटेना. मदतीला कुणाला हाक मारली नाही.

खोल पाण्यात आलो. नाना उभे राहिले आणि दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडले, "तांडेल, जाळं कुठं सोडायचं?"

ऐकू आलं होतं. तरी मी गप्प राहिलो. म्हटलं, अजून एकदा विचारू दे.