थोरल्या वहिनीसाहेबांनी पायथा सोडिला त्याची हकीकत

पूर्वी राजे मुलूख जिंकीत, आणि जिंकिलेला मुलूख राखावा लागे म्हणोन बेताने जिंकीत. हल्ली कुटुंबे मुलूख पाहतात, आणि पाहिलेले राखावे लागत नाही, ध्यानातही ठेवावे लागत नाही, म्हणोन सबंध देश दोन-चार सुट्यांत मारोन मोकळी होतात. त्यांच्या पराक्रमाची वाखाणणी करणारे बहुत, एकेका तसबिरीखाली पसंतीच्या आंगठ्यांची रांग लागते. परंतु खासे डोंगर चढोन वर गेले तेव्हा पायथ्याशी कोण बसले होते, हे कोणी लिहीत नाही. ते लिहावे ऐसे मनी आणिले, आणि कोणाची भीडमुर्वत न धरिता घडले तैसे लिहिले. वाचणाराने आधी आपल्या घरच्या पिशव्यांकडे एकवार पाहावे, मग पुढे वाचावे.

तर घराण्याचे कर्ते पुरुष दादासाहेब, पाणीपुरवठा कचेरीतील निवृत्त हेडक्लार्क, बहुत करारी, शब्दाचे पक्के, विशेषतः शेवटच्या शब्दाचे. त्यांच्या हाती मरणापूर्वी पाहावयाच्या स्थळांची यादी कोठोनशी आली, आणि त्यांनी ती ऐसी मनावर घेतली की जणू मरण पुढल्या महिन्यातच नेमिले आहे. मग खलबत जाहले. जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरिला, त्याच्या कोपऱ्यांवर वाट्या ठेविल्या, आणि हुकूम सुटला तो येणेप्रमाणे: किल्ला, राजवाडा, धबधबा, लेणी, सरोवर, सूर्य बुडतो ती टेकडी, सगळे एका दमात घ्यावे, मध्ये कोणी आजारी पडो नये, आणि स्थळ पाहिले केव्हा समजावे, तर नावाच्या पाटीपुढे सर्वांनी उभे राहोन तसबीर निघाली म्हणजे पाहिले. पाटी नसल्यास ते स्थळ जमेस धरू नये.

फौज थोडकी, परंतु जखिरा मोठा. धाकटे बंधु भाऊसाहेब, पेशा विमा विकण्याचा, यांजकडे तोफखाना, म्हणजे फोन, ते धरावयाची लांब काठी, आणि त्यांस दाणागोटा पुरविणारी चार्जरांची पिशवी. त्यांचे कुटुंब धाकट्या जाऊबाई, यांचा नेम ऐसा की एका पोषाखात दोन स्थळे घ्यावयाची नाहीत, सबब त्यांचे कपडे, चपला, टोप्या, चष्मे मिळोन एक स्वतंत्र कारखानाच चाले. खेरीज पाण्याच्या बाटल्या, छत्र्या, औषधांचा डबा, मानेच्या उशा, आणि जागोजाग खरेदी केलेले, घरी कोठे ठेवावे हे कोणास ठाऊक नसलेले सामान. गाडीत ठेवावे तर गाडीवाल्याने पहिल्याच मुक्कामी कानावर हात ठेविले: "गाडीतल्या सामानाला आपण जबाबदार नाही हां." ठायी ठायी सामानघरे होती, नाही ऐसे नाही. परंतु दादासाहेबांचे फर्मान जुने होते की घरचे माणूस फुकट बसावयास असता सामानघरास पैसे देणे हा शुद्ध वेडेपणा.

ते घरचे माणूस म्हणजे थोरल्या वहिनीसाहेब, दादासाहेबांचे कुटुंब. यांजकडे पिशव्यांची किल्लेदारी होती. ती कैसी आली म्हणाल, तर लग्नानंतरच्या पहिल्या सफरीत सासूबाईंनी घेतलेल्या नव्या चपला यांस चावल्या, टाचेस फोड आला, आणि या एका किल्ल्याच्या पायरीवर बसोन म्हणाल्या, "तुम्ही व्हा पुढे, मी बसते जरा." त्यावर कोणी पिशवी ठेविली की वहिनी बसल्याच आहेत तर. दुसऱ्याने ठेविली. फोड आठवड्यात बरा जाहला, परंतु घराण्यात वाक्य कायम जाहले की वहिनींना चढ सोसत नाही. ज्या बाई तिसऱ्या मजल्यावर राहतात, जेथील लिफ्ट बिघडलेलीच आहे, आणि दळण, भाजी, कधी कधी दादासाहेबांचे विसरलेले चष्मे घेवोन दिवसातोन चारदा वरखाली करितात, त्यांस चढ सोसत नाही! पण त्या चढास चढ म्हणत नाहीत, घरकाम म्हणतात. आणि किल्लेदारी म्हणावी तर किल्लेदारास तनखा असतो, यांस तोही नाही.

येणेप्रमाणे वहिनीसाहेबांनी निम्मा देश पाहिला. या सफरीतही तेच. धबधबा ऐकिला. राजवाड्याची मागील भिंत पाहिली, तीवर 'येथे वाहने लावू नयेत' ऐसे लिहिले होते व खाली वाहने होती. लेण्यांच्या दाराशी एक बकरी पाहिली, तिने छत्रीची मूठ चघळिली, त्याबद्दल रात्री बोलणी खाल्ली. मग खासे उतरोन येत, घाम पुशीत, आणि फोनवर तसबिरी दाखवीत की हे बघा, वर असे असे होते. आणि वहिनीसाहेब हो हो, छान छान म्हणत. काय म्हणणार?

परंतु या खेपेस एक गोष्ट निराळी. यादीत एक जुना गड होता, ज्याच्या माथ्यावरोन दोन नद्यांचा संगम दिसतो, एक नदी निवळ आणि एक गढूळ, आणि दोन्ही पाणी मिसळल्यावाचोन बरेच दूर शेजारी शेजारी वाहते. वहिनीसाहेब शाळेत असता भूगोलाच्या बाईंनी हे फळ्यावर काढोन दाखविले होते, एक नदी खडूने आणि एक विटेच्या तुकड्याने, आणि सर्व वर्ग हसला होता की असे कुठे असते का; एकट्या यांस खरे वाटले होते. तेव्हापासोन मनात होते की हे एकदा डोळ्यांनी बघावे. म्हणोन कूच होण्यापूर्वी, पोळ्या लाटिता लाटिता, दादासाहेबांस स्पष्ट सांगितले: "अहो, मला ते दोन रंगांचं पाणी बघायचंय. बाकी काही नाही दाखवलंत तरी चालेल." दादासाहेब वर्तमानपत्रातोन मान न काढिता बोलिले, "हो हो, बघू की. त्यासाठीच तर चाललोय." हे वचन वहिनीसाहेबांनी धबधब्यापाशी, राजवाड्यापाशी, बकरीपाशी, सर्वत्र जपले.

मग तो गड आला. ऊन चढले होते, पायऱ्या नागमोडी वर गेल्या होत्या. फौज उतरली, आणि कोणी काही बोलण्यापूर्वी पिशव्या पिंपळाच्या पारावर येवोन पडू लागल्या. जाऊबाईंनी गाडीआड निळा पोषाख काढोन पिवळा धारण केला आणि निळा यांच्या मांडीवर टाकिला. भाऊसाहेबांनी मानेची उशी काढोन, ठेवावयास जागा न दिसल्याने, वहिनीसाहेबांच्याच गळ्यात घातली. यांनी जाऊबाईंस विनविले की आजच्या दिवस तुम्ही बसा, तर उत्तर आले, "अय्या, मी? मग फोटोत कोण?" यांनी नवऱ्याकडे पाहिले. दादासाहेब पायऱ्यांकडे पाहात होते. "तू बैस, आम्ही पटकन बघून येतो," ऐसे म्हणोन त्यांनी कूच केले. वचन बुडाले. ज्याने बुडविले त्यास ते दिल्याचेही स्मरण नव्हते, हे अधिक लागले.

आता पारावर पाहतात तो या एकट्या नाहीत. जागोजाग पिशव्यांचे ढीग, आणि हरएक ढिगामागे एकेक बाई, कोणाची काकू, कोणाची सून, कोणाची आई. शेजारी एक वयोवृद्ध मावशी होत्या, दोन बोचकी पायांत धरोन बसलेल्या, मोठ्या गप्पिष्ट. त्यांनी आपण होवोन सांगितले की आपण सगळा देश फिरलो आहो, काही म्हणता काही राहिले नाही. आणि मग अमक्या ठिकाणी सावली बरी, तमक्या ठिकाणी बाकडी मोडकी, कोठले स्वच्छतागृह स्वच्छ, ऐसे इत्थंभूत कथन केले. शेवटी अभिमानाने म्हणाल्या, "आपलं काय बाई, आपण बसलेल्याच बऱ्या. सवय झाली की काही वाटत नाही."

हे वहिनीसाहेबांनी ऐकिले. काही वाटत नाही! उद्या आपणासही वाटणार नाही, हे त्यांस ऐसे लख्ख दिसले की उठोन उभ्याच राहिल्या. गळ्यातील उशी काढोन ढिगावर टाकिली, पदर खोचिला, आणि मावशींस म्हणाल्या, "चला, वर जाऊ." मावशींनी डोळे वटारिले: "आणि पिशव्या गं?" "राहू देत." "चोरीला गेल्या म्हणजे?" "जाऊ देत!" ऐसा त्या घराण्यात कधी कोणी न बोलिलेला शब्द बोलोन वहिनीसाहेबांनी पहिल्या पायरीवर पाऊल ठेविले.

चढण अवघड, यात संशय नाही. घसा सुकला, छाती धडधडली, मध्येच मनात आले की औषधांचा डबा गेला तर ह्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या जातील, आणि पाऊल अडखळले. परंतु गोळ्या दुकानात मिळतात, हे स्मरले आणि पाऊल पुढे पडले. ऐसे करीत माथा गाठिला.

माथ्यावर काय वर्तमान होते? तर नावाची पाटी दुसऱ्या एका कुटुंबाने आधीच काबीज केली होती, त्यांतील एका बाळाचे डोळे तसबिरीत मिटत, सबब ते हटेनात. आणि आपली फौज वेढा देवोन नंबर लागण्याची वाट पाहात होती, सर्वांच्या पाठी संगमाकडे, तोंडे पाटीकडे. तो भाऊसाहेबांनी ओरड केली, "वहिनी! तुम्ही? पिशव्या कुणाकडे?"

वहिनीसाहेबांनी उत्तर केले, "कुणाकडेच नाहीत."

इतके शब्द पडले मात्र, फौजेत हलकल्लोळ जाहला. जाऊबाई "माझा निळा!" म्हणोन किंचाळल्या आणि धावत सुटल्या, त्यांमागे भाऊसाहेब काठी उगारोन, त्यांमागे करारी दादासाहेब, एका हाताने गुडघा आणि दुसऱ्याने पँट सावरीत. कोणी मागे वळोन पाहिले नाही. पाटीचा नंबर आला तेव्हा घ्यावयास कोणी नव्हते, आणि गड एका बाईच्या हाती राहिला.

मग वहिनीसाहेब कठड्याशी गेल्या. खाली खरोखरच दोन रंगांचे पाणी होते. एक हिरवट निवळ, एक विटकरी. भूगोलाच्या बाईंनी फळ्यावर रेघ सरळ ओढिली होती. खरी कड वाकडीतिकडी होती, एक पाणी दुसऱ्यात जरा घुसे आणि पुन्हा आपल्या जागी येई. वहिनीसाहेब "अगं बाई!" म्हणोन मोठ्याने बोलिल्या, त्यांस हसू आले, आणि डोळे भरोन आले. हवे तितके पाहिले. तसबीर काढिली नाही, कारण फोन पिशवीत होता.

उतरता अर्ध्या वाटेवर मावशी भेटल्या, पायरीवर बसोन भात्यासारखे श्वास घेत. "अजून किती गं?" "थोडंच राहिलंय." "खोटं बोलतेस." "हो. पण चढा, बघण्यासारखं आहे." मावशींनी एक इरसाल शिवी दिली आणि गुडघ्यावर हात रोवोन उठल्या.

पारावर फौज धापा टाकीत बसली होती. पिशव्या जागच्या जागी. निळा पोषाख, चार्जर, गोळ्या, बकरीने चघळिलेली छत्री, सगळे जैसेच्या तैसे. मावशींची बोचकीही तैसीच. कोणी हात लाविला नव्हता, कोणी ढुंकोन पाहिले नव्हते. सर्वांचा जीव भांड्यात पडला, परंतु वहिनीसाहेबांच्या अंगाची लाही लाही जाहली. यातील एक तरी पिशवी चोरीस गेली असती तर इतक्या वर्षांच्या बसण्यास काही अर्थ राहिला असता!

दादासाहेब जाब पुसावयास उठोन जवळ आले. परंतु इतर कोणी ऐकत नाही हे पाहोन हळू विचारिले, "काय गं, ते पाणी... खरंच दोन रंगांचं दिसतं?"

"दिसतं की," वहिनीसाहेब म्हणाल्या. "जाऊन या. पिशव्यांची काळजी करू नका, त्यांच्यापाशी बसायला कुणी लागत नाही."

दादासाहेबांनी पायऱ्यांकडे पाहिले, गुडघ्याकडे पाहिले, आणि ते पिशव्यांजवळ बसले. वहिनीसाहेबांनी टपरीवर चहा सांगितला, एकच, आपल्यापुरता, आणि उभ्याने प्याल्या. येणेप्रमाणे गड फत्ते जाहला, एकही पिशवी न पडता. घराण्याच्या दप्तरी मात्र त्या दिवसाची तसबीर नाही, सबब ते स्थळ पाहिले नाही ऐसेच नमूद आहे.