पुठ्ठ्याचं नेदर ब्रँडल

मर्विन पीबल्सने आठ महिने खपून एक उद्ध्वस्त शहर उभं केलं होतं, आणि गुरुवारी दुपारी ते नेदर ब्रँडल गावच्या हॉलमध्ये मांडून झाल्यावर त्याला फार प्रसन्न वाटत होतं.

शहर पुठ्ठ्याचं होतं. फ्रिजचं खोकं, टीव्हीचं खोकं आणि सकाळच्या न्याहारीच्या कॉर्नफ्लेक्सची दीडशे खोकी यांतून ते निघालं होतं. एकेक फुटाचे छत्तीस चौकोनी तुकडे, आणि कुठलाही तुकडा कुठल्याही तुकड्याला जोडून बसायचा. त्यावर बोटाएवढे शिपाई ठेवून, फासे टाकून लढाई खेळायची. शनिवारी शेजारच्या गावाहून नेविल नावाचा जुना दोस्त स्वतःची फौज घेऊन येणार होता. मर्विन एकसष्ट वर्षांचा होता, पाणीपुरवठा कंपनीतून निवृत्त झालेला, आणि त्याला बॉम्बने पडलेलं शहर प्रत्यक्ष कधी बघायला मिळालं नव्हतं. त्यामुळे त्याने सरळ आपल्याच गावाची मापं घेतली होती. चर्च, पूल, दारूचा गुत्ता, हॉब्जचं शेत. घेतली, आणि मग सगळं पाडलं.

हॉलची किल्ली मिसेस ग्लॅडविन यांच्याकडे असे. ग्रामपंचायतीच्या अध्यक्षाही त्याच. "शनिवारपर्यंत हॉल मोकळाय, खुशाल मांड," असं त्यांनी वही बघून सांगितलं होतं; काय मांडणार ते विचारलं नव्हतं. पण हॉलच्या वह्या दोन होत्या. एक गावकऱ्यांच्या कार्यक्रमांची आणि एक सरकारी कामांची. त्यांनी पहिली बघितली.

दुसऱ्या वहीत लिहिलं होतं: गुरुवार, संध्याकाळी सहा. नव्या वसाहतीच्या आराखड्यावर जनसुनावणी.

बांधकाम कंपनीतर्फे टॅम्सिन नावाची मुलगी आली. नोकरीचा तिचा दुसरा आठवडा होता. "मॉडेल तुझ्या आधीच हॉलमध्ये पोचलेलं असेल," असं तिला ऑफिसातून सांगितलं होतं. मॉडेल पोचलंही होतं, पण आठ मैलांवरच्या अपर ब्रँडलमध्ये. इथे हॉलच्या मधोमध एक भलंमोठं मॉडेल दिसल्यावर टॅम्सिनला शंका यायचं काहीच कारण नव्हतं. ते जरा जास्तच प्रामाणिक वाटलं, एवढंच.

सहाला चाळीस माणसं आली. रागवायचं घरूनच ठरवून आली होती, त्यामुळे वेळ वाया गेला नाही.

"चर्चचं छप्पर कुठाय?" निवृत्त मुख्याध्यापिका मिस थ्रॅप यांनी चष्मा पुसून विचारलं.

टॅम्सिनने फाइल चाळली. फाइलमध्ये छपराबद्दल काही नव्हतं. "बाई, हे अगदी प्राथमिक स्वरूपाचं आहे."

"छप्पर प्राथमिक नसतं, मुली. छप्पर शेवटी असतं."

"आणि माझ्या शेतात हा एवढा खड्डा कसला?" रॉजर हॉब्जने मधे तोंड घातलं. तो शेतकरी होता आणि हळू बोलायची त्याला सवय नव्हती.

"पावसाचं पाणी साठवायची सोय असावी."

"अन् ही काटेरी तार?"

"सुरक्षित परिसर," टॅम्सिन म्हणाली. तिला स्वतःचीच भीती वाटू लागली.

इकडे मर्विन घरी चहा पीत होता आणि त्याचं लक्ष हॉलकडे होतं. हॉलची उत्तरेची खिडकी आपण लावली का? ओल लागली की पुठ्ठा फुगतो. "जा बाबा, बघून ये," त्याची बायको लॉरेन म्हणाली, "नाहीतर जेवताना मला खिडकीच ऐकावी लागेल."

तो हॉलमध्ये शिरला तेव्हा चाळीस माणसं त्याच्या शहरावर वाकली होती आणि पुठ्ठ्याच्या गुत्त्याच्या गच्चीवर कोणीतरी चहाचा कप ठेवला होता.

"कप उचला!" मर्विन ओरडला. तीस वर्षांत गावाने त्याचा आवाज चढलेला ऐकला नव्हता. कप ताबडतोब उचलला गेला.

"मर्विन," मिसेस ग्लॅडविन हळूच म्हणाल्या, "हे तू केलंयस?"

"आठ महिने खपलोय," मर्विन म्हणाला. त्याला वाटलं, कौतुक चाललंय. "एकेक वीट हाताने कापलीय."

गावाने मनात हिशेब मांडला. आपल्यातलाच माणूस आठ महिने कंपनीसाठी गुपचूप राबत होता, आणि तोंडाने रोज गुड मॉर्निंग म्हणत होता! हॉब्जने तर मागच्याच महिन्यात त्याला कोबीचे दोन गड्डे दिले होते. त्याला ते आता परत हवेसे वाटले.

"आणि चर्चचं छप्पर का पाडलंस?" मिस थ्रॅप यांनी विचारलं. मर्विनची मुलगी त्यांच्याच हाताखाली शिकली होती.

"तोफेचा गोळा लागला."

"कोणाच्या तोफेचा?"

"ते अजून ठरायचंय. शनिवारी ठरेल."

याचा जो अर्थ लोकांनी घेतला त्याने हॉलमध्ये असा गोंधळ उडाला की टॅम्सिन खुर्चीवर बसली आणि तिने पहिल्यांदाच त्या मॉडेलच्या कडेला नीट पाहिलं. तिथे एका भिंतीच्या आतल्या बाजूला छापलेलं दिसत होतं: आता अधिक कुरकुरीत. मग तिने ऑफिसला फोन लावला, दोन मिनिटं ऐकलं, आणि उठून खऱ्या माणसासारखं सांगितलं, "हे आमचं नाहीये. आमचं अपर ब्रँडलला गेलंय. मला वाटलं हेच. माफ करा."

"मग हे काय आहे?"

"खेळ आहे हो!" मर्विन कळवळून म्हणाला. "शिपायांचा. हे बघा, सगळं सुटं आहे. उचला, कुठंही ठेवा, बसतं!" आणि त्याने रस्त्याचा एक तुकडा उचलून दाखवला.

तो त्याने उचलायला नको होता.

"कुठंही?" मिस थ्रॅप यांनी विचारलं. त्यांनी तो तुकडा त्याच्या हातातून घेतला आणि रस्ता आपल्या फाटकापासून दूर, हॉब्जच्या शेतात नेऊन ठेवला.

"वा!" हॉब्ज म्हणाला, आणि त्याने तो पुलापलीकडे ढकलला. मिसेस ग्लॅडविननी पूल उचलला. कोणीतरी गुत्ता आपल्या घराजवळ ओढला, त्याच्या बायकोने तो परत नेला. एक धुराडं मोडलं. आवाज अगदी बारीक झाला, पण मर्विनच्या काळजात मोठा झाला.

तो खुर्चीवर चढला. गावाचं काय होईल याची त्याला त्या क्षणी तिळमात्र फिकीर नव्हती. पुठ्ठा वाचायला हवा होता.

"एका वेळी एकच माणूस!" तो ओरडला. "एका डावात एकच तुकडा! तुकडा खालून धरायचा, भिंतीला हात लावायचा नाही! दोघांना एकच जागा हवी असेल तर फासा टाकायचा, आणि फाशाशी वाद घालायचा नाही! रांग लावा!"

रांग म्हटल्यावर सगळे गप्प झाले आणि उभे राहिले.

हेच गाव एक बाक कुठे ठेवायचा यावर सहा वर्षं भांडत होतं आणि बाक अजून मिसेस ग्लॅडविन यांच्या गॅरेजमध्ये होता. त्याच गावाने दीड तासात अख्खी वसाहत ठरवली. घरं जुन्या दगडखाणीत गेली, रस्ता रेल्वेच्या कडेने गेला, क्रिकेटचं मैदान वाचलं. हॉब्ज दोनदा फाशात हरला आणि दोन्ही वेळा "ठीकाय" म्हणाला. हे त्याच्या तोंडून ऐकलेलं कोणालाच आठवत नव्हतं. टॅम्सिनने वरून फोटो काढले आणि नोकरी जाणारच आहे तर जाऊ दे म्हणून ते ऑफिसला पाठवून दिले.

मर्विन घरी आला तो डोळे पुसतच.

"मोडलं का रे?" लॉरेनने विचारलं.

"दोन धुराडी."

"मग रडतोस कशाला? चिकटव की."

"धुराड्यांचं नाही गं," मर्विन म्हणाला. "लोकांनी नियम पाळले, लॉरेन. चाळीस माणसांनी. नेविलने वीस वर्षांत एकदाही पाळले नाहीत."

शुक्रवारी टॅम्सिनचा फोन आला. नोकरी शाबूत होती. वरिष्ठांना मांडणी त्यांच्या स्वतःच्या आराखड्यापेक्षा बरी वाटली होती. ती पुढे न्यायला ते तयार होते, फक्त काटेरी तारेचं कारण त्यांना लेखी हवं होतं.

शनिवारी सकाळी नेविल आला. हातात लाकडी पेटी, पेटीत दोनशे शिपाई, चार वर्षं भिंगातून रंगवलेले. हॉलच्या दाराशी पंचवीस-तीस माणसं रांगेत उभी होती.

"एवढे प्रेक्षक?" नेविल हरखला. "मर्विन, आधी सांगायचंस तरी. मी टाय लावून आलो असतो."

ते प्रेक्षक नव्हते. वसाहत ठरली होती, पण पार्किंग राहिलं होतं.

नेविलने ऐटीत पहिला रणगाडा मांडला.

"ही गाडी कोणाची?" मिस थ्रॅप यांनी विचारलं.

"बाई, हा रणगाडा आहे."

"असेल. फाटकासमोर लावायचा नाही."

"मर्विन, सांग रे यांना!"

मर्विनने रणगाड्याकडे पाहिलं, फाटकाकडे पाहिलं, पट्टी काढून अंतर मोजलं. वीस वर्षांची दोस्ती होती. पण बाईंचं म्हणणं बरोबर होतं. "काढ तो, नेविल," तो म्हणाला. "आणि तुझा डाव नव्हता. रांगेत ये."

नेविल इतका अवाक झाला की खरोखरच पेटी घेऊन रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला. पुढे हॉब्ज होता. त्याने मागे वळून पेटीत डोकावून पाहिलं.

"माणसं आहेत होय यात? बरं झालं आणलीस. बस-थांबा केलाय आम्ही, पण तिथं कोणीच नाही. ओकंबोकं दिसतं."

"हे तोफखान्याचे शिपाई आहेत," नेविल म्हणाला.

"चालतील की. सहा दे."

दुपारी साडेबाराला नेविलचा डाव आला. त्याने तोफखान्यातले सहा जण निवडून बस-थांब्यावर एकामागे एक उभे केले, आणि मग गुडघ्यावर बसून, एक डोळा मिटून, रांग सरळ आहे की नाही ते बराच वेळ पाहत राहिला.