तीस फेब्रुवारीची द्राक्षं

दिंडोरीजवळच्या एका पॅकहाऊसवर किशोर पिंगळे सुपरवायझर म्हणून रुजू झाला. पहिल्याच दिवशी त्याने वीस बायकांना ओळीत उभं करून नियम सांगितला. छापायचं आणि वाचायचं काम त्याचं. त्यांनी फक्त द्राक्षं भरायची आणि पेट्यांवर स्टिकर चिकटवायचे. कॉम्प्युटरचा पासवर्डही त्याने बदलला. त्यामुळे तिथली कॉम्प्युटर ऑपरेटर असूनही रोशनीला साहेबांची वाट पाहत बसावं लागे. चुका दुसरे करतात आणि निस्तराव्या आपल्याला लागतात, असं त्याचं प्रामाणिक मत होतं.

वीस फेब्रुवारीला बाराशे पेट्या भरून, चिकटवून तयार झाल्या. पाच वाजता कंटेनर निघायचा होता आणि तो चुकला तर माल पडून राहणार होता. दुपारी दोनला कंटेनरचा ड्रायव्हर चहाचा कप घेऊन पेट्यांपाशी घुटमळला. ही तीस फेब्रुवारी कधी येते, असं त्याने अगदी सहज विचारलं.

किशोरने वाकून पाहिलं. पॅकिंगची तारीख तीस फेब्रुवारी. बाराशेच्या बाराशे पेट्यांवर.

पहिला संशय प्रिंटरवर गेला. नाशिकहून मेकॅनिक बोलावला. तो तासाभराने आला, मशीन उघडलं, आत फुंकर मारली, पुन्हा बंद केलं आणि सांगितलं, की जे लिहाल तेच हे छापतं. मग संशय रोशनीवर गेला आणि किशोर तिला सगळ्यांदेखत वाटेल तसं बोलला. तिने कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बोट केलं. स्टिकरची फाईल बनवल्याची वेळ सकाळी सात चाळीसची होती. तेव्हा रोशनी अजून एसटीत होती, आणि पासवर्ड तर एकट्या किशोरलाच ठाऊक होता.

नवे स्टिकर छापून त्याने स्वतःच जुन्यांवर चिकटवायला घेतले. ते आधी हातमोज्याला चिकटले, तिथून सुटले ते बाहीला. पाव तासात अकरा पेट्या झाल्या आणि आठ स्टिकर त्याच्या अंगावर. मास्क लावलेल्या बायका एकमेकींकडे बघायचं कटाक्षाने टाळत होत्या, पण त्यांचे खांदे गदगदत होते.

किशोरने एकदा पेट्यांच्या थप्प्यांकडे पाहिलं, एकदा स्वतःकडे.

"चूक माझी आहे," तो म्हणाला. "रोशनीवर उगाच आळ घेतला मी. आणि हे मला एकट्याला जमायचं नाही." मग कोपरावरचा स्टिकर वाचून म्हणाला, "मी मात्र आजच पॅक झालोय. तारीख बरोबर आहे."

रोशनीलाच आधी हसू फुटलं, मग सगळं पॅकहाऊस हसलं. पेठकडची कुसाबाई तिथली सगळ्यात जुनी. ती पुढे झाली. दहा जणी स्टिकर कागदावरून सोलायला, दहा जणी चिकटवायला, ड्रायव्हर थप्प्या सरकवायला, अशी तिने वाटणी केली. किशोरच्या वाट्याला खाली पडलेले कागद गोळा करायचं काम आलं, आणि ते त्याने नीट केलं.

पाचला दहा कमी असताना शेवटची पेटी कंटेनरमध्ये चढली.

घामाघूम किशोरने कुसाबाईला विचारलं, सकाळपासून कुणालाच कसं दिसलं नाही?

"दिसलं व्हतं की. फेब्रुवारीला तीस तारीख नसती, येवढं आम्हालाबी कळतं. पण वाचायचं काम तुमचं. मंग नाय बोललो."

त्याने रोशनीला पासवर्ड सांगितला आणि उद्यापासून पहिला स्टिकर कुसाबाईच्या नजरेखालून जाईल, असं जाहीर केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुसाबाईने तो स्टिकर लांब धरून अक्षर न् अक्षर वाचला. मान डोलावली. मग तिने किशोरला खालून वरपर्यंत न्याहाळलं.

"तारीख बराबर हाय. पण साहेब, शर्ट उलटा घातलाय तुम्ही."

किशोरने कॉलर चाचपली. शिवण खरंच बाहेर होती. वीस जणी हातातलं काम थांबवून त्याच्या तोंडाकडे बघत होत्या. त्याला हसू आलं.

"आणखी काही?" त्याने विचारलं.

"हाय की," कुसाबाई म्हणाली. "पण ते हळूहळू सांगू."