चौकोनकाकांची निवृत्ती

अधिकृतपणे मेलेल्या वस्तू कार्यालयात सर्वाधिक काळ जगतात, हे सत्य आता सर्वमान्य झाले आहे. आस्थापना विभागातला चौकोन हे त्याचे उत्तम उदाहरण.

चौकोन म्हणजे ब्राउझरच्या पानात उघडणारा एक छोटा प्रोग्राम. रजा, बढती, निवृत्ती, सगळे त्यातूनच मंजूर होते. असले प्रोग्राम ज्या सांगाड्यावर चालत, तो बनवणाऱ्यांनीच एके दिवशी मोडीत काढला. ब्राउझरांनीही दारे लावून घेतली. चौकोनाच्या परवान्याची मुदत संपली. (कार्यालयाला हे पत्राने कळवले होते. पत्राची पोचही दिली होती.)

विभागाच्या ऑपरेटरने मात्र हार मानली नाही. कोपऱ्यातल्या संगणकात जुना ब्राउझर शिल्लक होता. त्यावर त्याने नामी युक्ती काढली. रोज सकाळी संगणकाची तारीख मागे सरकवून, परवाना संपण्याच्या आदल्या दिवसावर नेऊन ठेवायची. चौकोन मुकाट्याने उघडला. साहेबांनी पाठ थोपटली आणि ऑपरेटरचे चौकोनकाका झाले.

तेव्हापासून विभागात रोज तोच मंगळवार उजाडतो. परिणाम समाधानकारक आहेत. एकही कर्मचारी म्हातारा झालेला नाही. कुठलेही प्रकरण एका दिवसापेक्षा जास्त रखडलेले नाही. नंतर आलेली टंकलेखिका चौकोनाच्या मते अजून रुजूच झालेली नाही. त्यामुळे तिला कोणी काम सांगत नाही, आणि तीही मोठ्या मनाने ते चालवून घेते.

सगळे सुरळीत होते. मग काकांनी साठी ओलांडली. गुडघे बोलू लागले, आणि घरी काकूही.

"अहो, शेजारचे भाऊजी तुमच्यामागून नोकरीला लागले, ते घरी बसून नातवंडं खेळवतायत. आपली नात मला विचारते, आजोबा खरंच आहेत ना?"

हे काकांच्या जिव्हारी लागले. त्यांनी निवृत्तीचा अर्ज चौकोनात भरला. उत्तर आले, ‘आपले वय निवृत्तीस पुरेसे नाही.’ मग त्यांनी संगणकात खरी तारीख घातली, तर चौकोनच उघडेना. थोडक्यात, खऱ्या तारखेला दोघेही निवृत्त आणि खोट्या तारखेला दोघेही तरुण. आपल्या हातांनी खणलेला खड्डा इतका चोख निघेल असे काकांना वाटले नव्हते. त्यांना रडूच आले.

ते साहेबांकडे गेले. साहेब म्हणाले, "काका, नवी प्रणाली मंजूर झालीये. चौकोनात तेवढी नोंद करायची राहिलीय."

"मग करूया ना, साहेब."

"पुढची तारीख घेत नाही हो तो."

चौकोन उघडण्याआधी रोज एक चौकट येते. ‘हा प्रोग्राम आता कोणीही सांभाळत नाही. काढून टाकायचा?’ खाली दोन बटणे, ‘आत्ताच’ आणि ‘नंतर आठवण करून द्या’. चौकोनच नसला तर अर्ज कागदावर घ्यावा लागेल, हे त्या दिवशी काकांच्या ध्यानात आले. बाण ‘आत्ताच’कडे सरकला. तोच सगळा विभाग धावून आला. कुणी माऊस धरला, कुणी मनगट.

"काका, आमच्या रजा आहेत हो त्यात!" टंकलेखिका ओरडली. (रुजू न झाल्यापासून तिने केलेले हे पहिले काम.)

काकांनी सुस्कारा सोडला आणि नेहमीचे बटण दाबले. मग काकूंना फोन लावून म्हणाले, "आलोच."

वाचकांना काकांची कीव येणे स्वाभाविक आहे. मात्र तशीच चौकट परवा तुमच्याही पडद्यावर आली होती, आणि तुम्ही कोणते बटण दाबलेत ते आम्हाला ठाऊक आहे. फरक इतकाच, की काकांनी ती निदान वाचली होती.